मदतीची यादी चावडीवर लावा
जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, जालना यांस,



अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतले अतिवृष्टी अनुदानाचे प्रकरण आपल्याला नव्याने सांगायला नको. २०२२ ते २०२४ या काळात पीकनुकसानीपोटी आलेल्या मदतीतून बोगस नावांवर पैसे उचलले गेले, कुणाच्या नावे दोनदा अनुदान जमा झाले, कुणाचे क्षेत्र कागदावर वाढले, शेतजमीन नसलेल्यांनाही शेतकरी म्हणून दाखवले गेले, असे आरोप आहेत. चौकशी समिती जिल्हा प्रशासनानेच नेमली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्यातली रक्कम पंचवीस कोटींच्या घरात होती. दोषी कोण आणि किती, हे न्यायालय ठरवील. या पत्राचा तो विषय नाही. हे पैसे ज्या गावांच्या नावावर गेले, त्या गावांना आपल्या नावावरची यादी पडताळून पाहण्याची संधी कधी रीतसर मिळाली का, एवढाच प्रश्न मला विचारायचा आहे. त्याच्या अनुषंगाने एक मागणीही आहे. यापुढे पीकनुकसानीच्या मदतीची प्रत्येक यादी गावनिहाय छापून चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लागावी. तिच्यात नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पिकाचा प्रकार आणि रक्कम असावी. ती पैसे जमा होण्याआधी एकदा आणि जमा झाल्यावर पुन्हा एकदा लागावी, आणि त्यासाठी कुणाला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

ही मागणी गावपातळीवर का, हे पंचनाम्याची रीत पाहिली की कळते. पाऊस झोडपून गेला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. या तिन्ही पदांची नावे अलीकडे बदलली आहेत, पण गावात अजून तलाठी तो तलाठीच आहे. तिघांच्या सह्यांनी यादी तहसीलला जाते, तिथून संगणकावर चढते आणि पैसे थेट बँक खात्यात उतरतात. या सगळ्या वाटेवर तपासणारा प्रत्येक जण कागदाशी कागद ताडून पाहतो. शेत पाहिलेला माणूस पहिल्याच पायरीवर भेटतो, आणि यादीत काय लिहायचे हेही त्याच्याच हातात असते. आता दर पाहू. २०२२ च्या पावसाळ्यातल्या नुकसानीसाठी राज्य सरकारने जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिक पिकांना ३६,००० रुपये दिले, तेही तीन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे तीन हेक्टर सोयाबीन वाहून गेलेल्या शेतकऱ्याला ४०,८०० रुपये, आणि तेवढ्याच क्षेत्रावर मोसंबीची बाग दाखवली तर १ लाख ८ हजार. आपला जिल्हा मोसंबीचा, त्यामुळे बागेची नोंद कुणाला खटकत नाही. त्या गटात बाग आहे की कपाशी, ती बाग कधी लावली आणि कधी तोडली, हे तहसीलच्या संगणकाला ठाऊक नसते. बांधशेजाऱ्याला मात्र ते माहीत असते. गावात ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या नावासमोर दोन हेक्टर लिहिलेले दिसले तर ते ओळखायला लेखापरीक्षक लागत नाही. लाखो नोंदींच्या यादीत खोटे नाव शोधणे आपल्या कार्यालयाला महिनोन्महिने पुरते. तीच यादी गावागावांत वाटली गेली तर प्रत्येक गावाच्या वाट्याला येणारी चार-पाच पाने माणसे एका दुपारी वाचून काढतील. त्यांना त्यात रस असतो, आणि फसवणे अवघड जाते.

कायद्याने ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीच सांगितली आहे. माहिती अधिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, तीस दिवसांची मुदत आणि मग अपील येते. कायद्यात मात्र अर्जाचे कलम सहावे आहे आणि त्याच्या आधी चौथे कलम येते. कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्यातली बारावी बाब अनुदानाच्या कार्यक्रमांची आहे. ते कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे सारे तिच्यात येते. यासाठी दिलेली एकशे वीस दिवसांची मुदत २००५ च्या ऑक्टोबरातच संपली. याच कलमात पुढे म्हटले आहे की लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल इतकी माहिती प्रशासनाने आपणहून द्यावी, आणि ती देताना स्थानिक भाषा, खर्च आणि लोकांपर्यंत पोचण्याचे परिणामकारक साधन यांचा विचार करावा. साधनांमध्ये सूचनाफलक आहे, वर्तमानपत्र आहे आणि जाहीर घोषणाही आहे. आपल्याकडे कोतवालाची दवंडी होती, तीही त्यात बसते. महसूल खात्याच्या मदतवाटपाच्या शासन निर्णयांतही लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची सूचना असते. तेव्हा हा अधिकार नव्याने द्या असे मी म्हणत नाही. आधीच ठरलेली गोष्ट गावाच्या भिंतीपर्यंत न्यावी, इतकेच मागणे आहे. हा कायदा महाराष्ट्राला दिल्लीहून उसना मिळालेला नाही, हेही जाता जाता नोंदवतो. केंद्राच्या आधीच राज्याचा माहिती अधिकार कायदा झाला होता आणि त्याला राष्ट्रपतींची संमती २००३ च्या ऑगस्टमध्ये, अण्णा हजारे यांचे मुंबईत आझाद मैदानावर उपोषण चालू असताना मिळाली.

ज्याला माहिती हवी त्याने अर्ज करावा, कायदा आहेच, असे कुणी म्हणेल. करावा. पण गावातल्या माणसासाठी ती वाट कशी आहे ते बघा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर वीस रुपये भरून पहिले अपील करायचे. तिथेही दाद मिळाली नाही तर दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. या आयोगाकडे राज्यभरात मिळून एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबल्याचे अलीकडच्या वर्षांतले आकडे सांगतात. म्हणजे ज्या हंगामातली यादी मागितली, त्यानंतर दोन-तीन पिके निघून गेली तरी सुनावणीची तारीख लागलेली नसते. तोवर पैसे खात्यातून निघालेले असतात आणि राहते ती वसुलीची नोटीस. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहण्याची मुभा दिली. निर्णय चांगला आहे. पण मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या टोकाच्या गावातून सोमवारची मजुरी बुडवून जालन्याला यायचे आणि दोन तासांत आपल्या गावाची पाने शोधायची, हे किती जणांना जमेल?

याहून मोठी अडचण अर्जावर लिहाव्या लागणाऱ्या नावाची आहे. माहिती का हवी, हे सांगण्याची सक्ती कायदा करत नाही. नाव आणि पत्ता मात्र द्यावाच लागतो. गावाच्या मदतयादीची माहिती मागणारा अर्ज फिरत फिरत ज्याने ती यादी केली त्याच्याच टेबलावर पोचतो. दुसऱ्या दिवशी गावाला कळते की अमक्याने अर्ज टाकला. त्यानंतर त्याचा फेरफार अडकतो, त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी निघते, आणि यादीत ज्यांची नावे असतात ते त्याच्याशी बोलणे सोडतात. हे झाले सौम्य परिणाम. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये भरदिवसा हत्या झाली. जमिनीच्या गैरव्यवहारांची कागदपत्रे त्यांनी बाहेर काढली होती. अर्जावर चालणारी पारदर्शकता एका माणसाला पुढे उभे करते आणि सगळी जोखीम त्याच्या अंगावर टाकते. भिंतीवर लावलेल्या यादीला अर्जदार नसतो, ती सगळ्यांनी वाचलेली असते. म्हणून कलम चार आणि कलम सहा यांना मी एकाच हक्काच्या दोन पर्यायी वाटा मानत नाही. पहिली बंद ठेवून दुसरीकडे बोट दाखवणे म्हणजे धाडसी माणसापुरताच हक्क शिल्लक ठेवणे होय.

मनुष्यबळ नाही, इतक्या याद्या छापायच्या कधी, हा आक्षेप प्रशासनातून नेहमी येतो. त्याचे उत्तर जालना जिल्ह्याइतके चांगले दुसऱ्या कुणाकडे नसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या जिल्हा प्रशासनांना निजामकाळापासूनचे दप्तर उघडायला लावले. खासरा पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळेची प्रवेश निर्गम रजिस्टरे असे सगळे बाहेर निघाले. कागद मोडीत होते, उर्दूत होते. ते वाचणारी माणसे शोधून आणली गेली. ऑक्टोबरअखेर सरकारनेच सांगितले की पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि त्यात ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. पुढे काम राज्यभर वाढले, नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आणि गावनिहाय याद्या तपासायला लोकांची झुंबड उडाली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, माहितीच्या दृष्टीने ही घटना फार बोलकी आहे. शंभर वर्षांपूर्वीचा, वाळवी लागलेला, आज कुणाला वाचता न येणारा कागद काही आठवड्यांत शोधता येतो, लिप्यंतर करून गावापुढे ठेवता येतो. मग गेल्या हंगामातली, मराठीत टाइप केलेली, संगणकात आधीच असलेली यादी छापणे जड का जावे? क्षमता कमी पडली असे म्हणता येणार नाही. रस्त्यावर लोक आले तेव्हा दप्तर उघडले, आणि लोक घरी बसले असताना ते मिटलेले राहते, हा या दोन गोष्टींमधला फरक आहे. कार्यालयाने तो आपणहून मिटवला तर बरे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. आता तो जास्त जोराने येईल, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देण्याने खासगीपणावर अकारण घाला येतो, हे पाहावे लागे, आणि व्यापक जनहित असेल तर ती देता येई. आता ते तोलणे त्या कलमातून गेले. हा बदल मला घातक वाटतो. पण तो आहे तसा धरला तरी आपले हात बांधले जात नाहीत. कलम ४ मधली लाभार्थ्यांची बाब जशीच्या तशी शिल्लक आहे. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) शिल्लक आहे. शिवाय ज्या माहितीला जाहीर करण्याचे बंधन एखाद्या कायद्याने घातले आहे, तिला आपल्या तरतुदी लागू नाहीत, असे डेटा संरक्षणाचा कायदा स्वतःच म्हणतो. कायद्याबाहेरचा व्यवहार पाहिला तरी हा आक्षेप टिकत नाही. कुणाच्या नावावर कोणत्या गटात किती जमीन आहे, हे महाभूमीच्या संकेतस्थळावर कुणालाही सातबारा उघडून पाहता येते. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी खुली आहे. रोजगार हमीच्या मजुरांची नावे, हजेरी आणि मजुरी गेली कित्येक वर्षे संकेतस्थळावर दिसते. ज्या मजुराच्या तीनशे रुपयांवर सगळ्या जगाची नजर चालते, त्याच गावात तीन हेक्टरच्या अनुदानाला पडदा का? मात्र मर्यादा पाळाव्या लागतील. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक यादीत येता कामा नयेत, आणि कलम १० अशी माहिती वगळून उरलेली द्यायला सांगते. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळालेली मदत किंवा उपचारासाठीचे साहाय्य भिंतीवर लावू नये. तिथे पडताळणीपेक्षा त्या घराची अब्रू मोठी. पीकनुकसानीत झाकण्यासारखे असे काही नसते. पाऊस सगळ्या शिवारावर पडलेला असतो.

माहिती अधिकाराचा धंदा झाला आहे, अर्ज टाकून खंडणी मागणारे तयार झाले आहेत, हे महसूल खात्यातले बहुतेक जण खासगीत बोलतात आणि ते सर्वस्वी खोटे नाही. पण खंडणीखोराच्या हातातला माल कोणता असतो ते बघावे. इतरांना न मिळालेली माहिती आपल्याकडे आहे, ती बाहेर काढू का, असे तो विचारतो. यादी भिंतीवर असेल तर त्याच्याजवळ विकायला काही उरत नाही. या त्रासाने गांजलेल्या अधिकाऱ्याने कलम चारचा सर्वांत मोठा कैवारी व्हायला हवे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये एका निकालात सरसकट आणि अव्यवहार्य अर्जांनी यंत्रणा जेरीस आणू नये, असे बजावले. तेच न्यायालय ऑगस्ट २०२३ मध्ये किशनचंद जैन यांच्या याचिकेत म्हणाले की कलम चारची अंमलबजावणी होते की नाही यावर माहिती आयोगांनी सतत लक्ष ठेवावे. पहिला निकाल कार्यालयांत तोंडपाठ असतो, दुसरा क्वचितच ऐकू येतो.

गावात भांडणे लागतील, हा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो. भाऊबंदकी आहे, बांधाचे वाद आहेत, पक्षाचे गट आहेत. कुणाला जास्त मिळाले हे वाचून तंटे होणार. पण ते आजही होतात, फक्त ऐकीव गोष्टींवर होतात. यादी समोर असली की संशयाला गट क्रमांक मिळतो आणि त्यावर लेखी हरकत घेता येते, तिचा निकाल देता येतो. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघाल्याचे त्या वाचनात उघड झाले, आणि त्यातूनच देशातल्या माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ मिळाले. तिथेही तणाव झाले. पण भ्रष्टाचार लपवून गावात शांतता टिकते, असे तिथले कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. एक गोष्ट यादीने सुटणार नाही हे मान्य करतो. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. बटईने शेत करणाऱ्याचे, नवऱ्याच्या नावावरच्या रानात राबणाऱ्या बाईचे नाव त्यात नसतेच. यादी लागली तर ही उणीव सगळ्यांना दिसेल, भरून निघणार नाही. तो वेगळ्या धोरणाचा विषय आहे.

ई-केवायसीसाठी विशिष्ट क्रमांकाच्या याद्या गावात येतातच, मग आणखी काय हवे, असेही विचारले जाईल. त्या याद्यांचे काम शेतकऱ्याला सेवा केंद्रावर पाठवणे एवढेच आहे. काम झाले की कागद फाटतो. पडताळणीसाठी लागते ती हरकतीची मुदत, हरकत नोंदवून घेणारा माणूस आणि पैसे जमा झाल्यानंतरची अंतिम यादी, म्हणजे पहिल्या यादीत नसलेले नाव दुसरीत कुठून आले हे पाहता येईल. घोटाळ्याला जागा असते ती या दोन याद्यांच्या मधल्या अंतरात. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्याने सुमारे ३१,६०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आता रकमा मोठ्या आहेत आणि वाटपाची घाई त्याहून मोठी.

म्हणून आठही तहसीलदारांना एक परिपत्रक पुरेल. यादीत कोणते रकाने असावेत, ती कुठे लावावी, निदान सात दिवस ती जागेवर आहे हे कुणी प्रमाणित करावे, हरकत कुणाकडे द्यावी आणि किती दिवसांत निकालात काढावी, अंतिम यादीची प्रत ग्रामपंचायतीत किती वर्षे पाहायला ठेवावी, एवढे त्यात हवे. हरकत घेणाऱ्याचे नाव यादीतल्या व्यक्तीला कळवले जाणार नाही, असेही एक वाक्य असावे. संकेतस्थळावर टाकायची प्रत स्कॅन केलेली, आडवी-तिरपी नसावी. गावाचे नाव टाकून शोधता येईल अशी असावी.

सुरुवात अंबड आणि घनसावंगीपासून करावी, २०२२ पासूनच्या याद्यांनी. तिथे तपास चालू आहे, म्हणून माहिती देता येत नाही, असे उत्तर कदाचित तयार असेल. कलम ८(१)(ज) तपासात अडथळा येत असेल तरच माहिती रोखायला परवानगी देते. नुसता तपास चालू असणे हे कारण होऊ शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ सालीच सांगितले आहे. खात्यात जमा झालेल्या पैशांची यादी गावाने वाचल्याने कोणता पुरावा नष्ट होणार? उलट तपास अधिकाऱ्याला जी नावे अजून सापडलेली नसतील, ती त्या गावांतले लोक दाखवून देतील. वसुली कुणाकडून किती झाली, हा रकानाही त्याच यादीत जोडावा.

कळावे,
जालना जिल्ह्यातील एक नागरिक